स्पीकरच्या कपाळी गंध

आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून वाईटपणा नको. माझ्या घरातला एकही स्पीकर विकायचा नाही. दुप्पट देतो म्हणणाऱ्यांना नाही, दुरून गाडी करून आलेल्यांना नाही, आणि "सार, नुसतं बघून जातो" म्हणत खिशात मोजायची टेप घेऊन येणाऱ्यांना तर मुळीच नाही. माझा फोन नंबर संपादकांकडे मागू नये. तो कोणाला देऊ नका म्हणून मी त्यांना बजावून ठेवलं आहे.

संपादकांनी खरं म्हणजे माझ्याकडे दुसरंच मागितलं होतं. तंजावरचा मराठी माणूस म्हटला की महाराष्ट्रातल्या लोकांना राजवाडा आठवतो, दरबार आठवतो, आणि मग ते आपल्याकडे असं बघतात की जणू आपण सकाळीच राजांना नमस्कार करून आलो आहोत. मी त्यांना कळवलं, राजे जाऊन पुष्कळ काळ लोटला आणि त्यांच्यावर लिहिणारेही पुष्कळ आहेत. मी टेलिफोन खात्यात नोकरी केली. निवृत्त झाल्यापासून, आणि चोरूनमारून त्याच्या आधीपासूनही, घराच्या मागच्या खोलीत जुने लाउडस्पीकर दुरुस्त करतो. लिहायचं तर त्याबद्दल लिहीन. संपादक भले गृहस्थ, चालेल म्हणाले.

आणखी एक. हे जे मराठी मी लिहितो आहे ते पुस्तकं वाचून कमावलेलं आहे. आमच्या घरांत बोलतात ते वेगळं. ते ऐकलं तर तुम्हाला तुमच्या पणजीची आठवण येईल, आणि मध्येच तमिळ शब्द आला की दचकायला होईल. कोणी बोललं तर जसं बोललं तसं देतो.

स्पीकर म्हणजे काय ते आधी बघू. एक लोहचुंबक, त्याच्याभोवती बारीक फट, त्या फटीत अधांतरी लोंबणारं तारेचं वेटोळं, म्हणजे कॉइल. ही कॉइल एका कागदी पडद्याला चिकटवलेली असते. पडदा पसरट फनेलच्या आकाराचा आणि मध्ये एक कागदी टोपी. वीज आली की कॉइल आत-बाहेर होते, तिच्याबरोबर पडदा हलतो, पडदा हवा ढकलतो, ती हवा तुमच्या कानाला लागते. संपलं. टेलिफोनच्या रिसीव्हरमध्येही हेच, फक्त लहान. खात्यात असताना रोज असे रिसीव्हर उघडून बसायचो, त्यातूनच हे वेड लागलं.

सगळा खेळ त्या पडद्याचा आहे. तो हलका हवा आणि कॉइल फटीच्या बरोबर मधोमध हवी. कॉइल केसभर जरी कलली तरी कडेला घासते आणि तुमच्या आवडत्या गाण्यात कोणी तरी सुपारी कातरतंय असं वाटू लागतं. जुन्या विलायती स्पीकरांचे पडदे कसल्याशा लांब धाग्याच्या कागदाचे असत. तसा कागद आता कोणी करत नाही आणि तसली चुंबकंही करत नाही. म्हणून तर ती गाडीवाली मंडळी माझ्या दारात येतात.

आमच्या भागात या पडद्यांचा पहिला शत्रू दमट हवा. कावेरीला पाणी सुटलं की कालवे भरतात, शेतं भरतात आणि कपाटातली पुस्तकंसुद्धा फुगतात. पडद्याची कड सुटते, बुरशी धरते. मी ती कड जुन्या मलमलीच्या पट्टीने आणि चिंचोक्याच्या खळीने जोडतो. इथले चित्रकार पिढ्यान् पिढ्या लाकडावर कापड चिकटवायला हीच खळ वापरत आले. किडे लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद घालायचा. ही गोष्ट मी जुन्या स्पीकरवाल्यांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप गटात लिहिली तर तिथे हलकल्लोळ माजला. अमुक देशातला अमुक गोंदच हवा, नाही तर स्पीकर 'ओरिजिनल' राहत नाही म्हणे. मी विचारलं, फाटका ओरिजिनल बरा की गाणारा जोडलेला. दुसऱ्या दिवशी मी गटात नव्हतो. ते सांगतात की मी आपणहून गेलो. मला काढलं होतं.

माझी बायको सुभद्रा या सगळ्याला "न जेवणारी तोंडं" म्हणते. पाहुणे आले की तीच त्यांना मागच्या खोलीत नेऊन दाखवते, ही गोष्ट वेगळी.

गिऱ्हाईक हा शब्द मी वापरत नाही, कारण मी धंदा करत नाही. पण लोक येतात. ओरत्तनाडूकडचे एक जमीनदार मोठ्या उत्साहाने दोन पेट्या घेऊन आले. आवाज बसला आहे, म्हणाले. पेटी उघडली तर आत गळ्यापर्यंत भाताचा तूस. पेटीत काही तरी मऊ भरावं म्हणजे आवाज घुमत नाही, असं त्यांनी कुठे तरी वाचलं होतं, आणि मऊ म्हणाल तर त्यांच्या गिरणीत तुसाचे डोंगर पडलेले. सल्ला चुकीचा नव्हता. पण तुसाबरोबर थोडं धान्य येतं आणि धान्याच्या मागे उंदीर येतो, हे भात पिकवणाऱ्या माणसाला मी सांगावं काय? उंदरीण आत बाळंत झाली होती. तिने अंथरुणासाठी पडद्याचाच कागद कुरतडून घेतला होता.

दुसरे आले ते एक मृदंगविद्वान. कचेरीत, म्हणजे इकडच्या गाण्याच्या मैफलीत, साथ करणारे, नावाजलेले, बोटं लाकडासारखी कडक. मृदंग ज्यांनी जवळून पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. त्याच्या डाव्या तोंडावर वाजवायला बसण्यापूर्वी भिजवलेल्या रव्याचा गोळा थापतात. त्या ओझ्याने चामडं सावकाश हलतं आणि आवाज खोल, गंभीर येतो. कार्यक्रम संपला की रवा खरवडून काढायचा. या विद्वानांना आपल्या घरच्या स्पीकरमध्ये मृदंगाची डावी बाजू नीट ऐकू येईना. तेव्हा त्यांनी काय करावं? जाळी काढली आणि पडद्याच्या मध्यावर भिजवलेला रवा थापला. त्या संध्याकाळी आवाज छान आला, असं ते शपथेवर सांगत होते. पुढे रवा वाळला, पडदा आकसला आणि मुंग्यांची रांग लागली.

मी त्यांना बरंच सुनावलं. कागद म्हणजे चामडं नव्हे, वगैरे. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं आणि जाताना एवढंच म्हणाले की सार, तुम्ही एकदा लावून बघा. ते गेल्यावर मी दार लोटून घेतलं, माझ्याच एका फुटक्या स्पीकरवर चमचाभर रवा थापला आणि ऐकलं. आवाज खरोखरच खाली उतरला होता. पडद्याचं वजन वाढलं की तो सावकाश हलणार, हे मलाही कागदावर ठाऊक होतंच, पण चमच्याने कधी ऐकलं नव्हतं. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नव्हती.

आता ज्या कामासाठी लिहायला बसलो त्याकडे येतो.

मेल वीथीत, म्हणजे गावाच्या पश्चिमेकडच्या रस्त्यावर, अंबुजाअक्का राहतात. आमच्यातल्याच, वयाने माझ्याहून बऱ्याच मोठ्या. त्यांचे यजमान सामराव कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे, ते जाऊन काही वर्षं झाली. ओरत्तनाडूजवळचं एक तंबूतलं थिएटर बंद पडलं तेव्हा तिथले दोन मोठे विलायती स्पीकर सामरावांनी गावच्या बसच्या टपावर टाकून आणले होते. मग ओळखीच्या वीणा करणाऱ्याकडून उरलेल्या फणसाच्या फळ्या मागून घेतल्या आणि सुताराकडून पेट्या करवल्या. कमरेएवढ्या उंच, मधाच्या रंगाच्या. रोज दुपारी जेवणं आटोपली की नवराबायको समोरासमोर दोन खुर्च्यांत बसून वीणेच्या तबकड्या ऐकत. सामराव गेल्यावर अक्का एकट्या ऐकू लागल्या. दुसरी खुर्ची मात्र तिथेच होती.

त्यांचा एकुलता मुलगा रघू चेन्नईला कॉम्प्युटर कंपनीत आहे. चांगला मुलगा, आईची काळजी करणारा. मराठी त्याला सगळं समजतं, उत्तर तमिळमध्ये येतं. एके दिवशी त्याचा फोन आला. पोंगल झाला की अम्माला कायमचं चेन्नईला नेतो आहे, म्हणाला. इथलं घर भाड्याने द्यायचं ठरलं होतं. त्याचा फ्लॅट लहान, तिथे या पेट्यांना जागा नाही. बंगळूरचे एक संग्राहक त्या घ्यायला तयार होते. त्यांची अट एकच, दोन्ही स्पीकर मूळच्या अवस्थेत आणि चालू हवेत. उजवा घरघरतो आहे, तेव्हा अंकल, तुम्ही तो दुरुस्त करा आणि दोन्ही साफ करून ठेवा. अम्मासाठी त्याने हाताच्या पंजात मावेल असा ब्लूटूथ स्पीकर आणून ठेवला होता. अम्माला ठाऊक आहे ना, असं मी विचारलं. सांगितलं आहे, म्हणाला. सांगणं निराळं आणि विचारणं निराळं, पण फोनवर कोण वाद घालणार. हत्यारांची पिशवी स्कूटरला अडकवली आणि गेलो.

अक्कांनी आधी कॉफी दिली. मी सरळच विचारलं, पेट्या द्यायच्या मनात आहे का. त्यांनी पदराने टंबलर पुसत पुसत उत्तर दिलं.

"रघूचें घर लहान. त्यांत मी मावले तरी पुष्कळ जाहलें, माधवा." मग थोडं थांबून म्हणाल्या, "पण बिघडलेला देऊं नये. नीट करून दे. जायच्या आधीं मला एकदां नीट ऐकूं दे."

माणूस हट्ट करतो तेव्हा त्याच्याशी भांडता येतं. अक्कांनी हट्टच सोडून दिला होता, आणि ते मला जास्त लागलं. मी उजव्या पेटीच्या पुढचं जाळीचं कापड उचकटलं आणि तसाच बसून राहिलो.

पडद्याच्या मध्यावर, जिथे कागदी टोपी असते तिथे, चंदनाचा एक जाड पिवळा थर होता. थरावर थर, वाळून भेगा पडलेले, आणि सगळ्यांत वर कुंकू. डाव्या पेटीतही तेच.

नवरात्राच्या अखेरीस आमच्याकडे आयुधपूजा होते. ज्या वस्तूवर तुमचं पोट किंवा विद्या चालते तिला गंध-कुंकू लावायचं. पुस्तकं, तराजू, शिवणयंत्र, स्कूटर, ऑफिसातला कॉम्प्युटर, काही सुटत नाही. माझ्या पकडींनाही सुभद्रा दरवर्षी लावते. पण ते लोखंड आहे, सहन करतं. स्पीकर असला तरी लोक पेटीला बोट लावतात. पडद्याला गंध लावलेलं मी कधी बघितलं नव्हतं. हे कोणी लावलं, असं अक्कांना विचारलं.

"यांनी. पेटीला लावणें म्हणजे माणसाच्या सदऱ्याला गंध लावणें, म्हणायचे. लावायचें तर कपाळाला लावावें." सामरावांच्या मागे त्या स्वतः लावत होत्या. जुनं गंध काढायचं असतं, हे दोघांनाही कधी वाटलं नव्हतं. देवाला लावलेलं कोणी खरवडतं का?

आता हसावं की रडावं. वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक, कागद झाडापासून होतो हे शिकवणारा, त्याने वर्षानुवर्षं ओलं गंध कागदावर थापलं. उजवा स्पीकर घरघरण्याचं कारण समोर दिसत होतं. त्या वजनाने पडदा वर्षावर्षाने खाली झुकला आणि आतली कॉइल फटीच्या कडेला लागली. डाव्याचं नशीब बरं, तो अजून घासत नव्हता.

उजवा मी घरी आणला. बांबूच्या कामटीने थर हळूहळू सोडवला, खालचा कागद डागाळलेला पण धड होता. सुटलेली कड मलमल आणि खळीने जोडली. पडदा खाली झुकला असेल तर त्यावर जुना तोडगा असा की स्पीकर अर्धा फिरवून, डोक्यावर उभा केल्यासारखा बसवायचा, म्हणजे झुकलेला पडदा आपल्याच वजनाने परत मध्यावर येतो. तसं ठरवलं. खरवडलेलं चंदन कचऱ्यात टाकवेना, ते सुभद्राने तुळशीत घातलं. मग स्पीकर लावून ऐकला. काय सांगू. वीणेच्या तारेवर नख लागतं ते वेगळं आणि तार वाजते ती वेगळी ऐकू येत होती. तंबूतल्या थिएटरात पहिल्या दिवशी तो असाच वाजला असणार. मी स्वतःवर खूश होतो, आणि ते लपवायचं काही कारण मला दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो अक्कांच्या पेटीत उलटा बसवला आणि तबकडी लावली. अक्का आपल्या खुर्चीत बसल्या. मान खाली घालून त्यांनी बाजू संपेपर्यंत ऐकलं. मी शाबासकीची वाट बघत होतो.

"हें आमचें नव्हे," त्या म्हणाल्या.

मी त्यांना समजावू लागलो. अक्का, घरघर गेली की नाही? गेली. तार स्पष्ट ऐकू येते की नाही? येते. तर मग हाच खरा आवाज. कारखान्यातून निघाला तेव्हा असाच होता. तुम्ही इतकी वर्षं ऐकत होतात तो गंधाखाली दबलेला.

"कारखान्यांत कोण ऐकायला बसलें होतें, माधवा? मी येथें ऐकलें. ही वीणा परक्याच्या घरची आहे."

कॉफी न पिता मी घरी आलो. राग आला होता. चाळीस वर्षं आवाज ऐकून लाइनमधला दोष सांगणारा माणूस मी, आणि मला सांगतात की हे आमचं नव्हे. सुभद्राने विचारलं तर तिच्यावरही चिडलो. ती म्हणाली, त्यांना नाही आवडलं तर नाही आवडलं, तुम्ही काय परीक्षेला बसला होतात का. ते मला आणखीच झोंबलं.

पण डोक्यातून जाईना. मृदंगविद्वानांचा रवा आठवला. सामरावांनी पहिल्या वर्षी बोटभर गंध लावलं तेव्हा आवाज किंचित खाली गेला असेल, कोणाच्या लक्षातही न येण्याइतका. पुढच्या वर्षी आणखी किंचित. नखाचा टोकदारपणा गेला, खर्जाची तार भरत गेली. दोन माणसं दोन खुर्च्यांत बसून त्या बदलणाऱ्या आवाजाबरोबर म्हातारी होत गेली. कारखान्याने तो स्पीकर तंबूतल्या गर्दीसाठी केला होता, खऱ्या आवाजाची त्याची व्याख्या त्या गर्दीपुरती. मेल वीथीतल्या त्या हॉलमध्ये गर्दी कधीच नव्हती. तिथला खरा आवाज कोणता, हे सांगायला आता जगात एकच माणूस उरलं होतं आणि मी त्या माणसाला चूक ठरवून आलो होतो. उजव्याचं गंध काढल्याचं मला वाईट वाटत नाही, ते काढल्याशिवाय घरघर गेली नसती. पण डाव्याला हात लावायचा नाही, हे ठरलं.

तसं मी रघूला फोन करून सांगितलं. तो नम्रपणे म्हणाला, अंकल, शनिवारी ते गृहस्थ येताहेत, दोन्ही एकसारखे हवेत. मी म्हटलं, मलाही एकसारखेच हवेत. त्याला त्याचा अर्थ कळला नाही आणि मीही फोड करून सांगितली नाही.

शनिवारी मी मुद्दाम आधी जाऊन बसलो. रघू आणि बंगळूरचे गृहस्थ एकाच गाडीतून उतरले. गृहस्थ पन्नाशीचे, मृदू बोलणारे, चपला बाहेर काढून आत आले. खोटं का बोलू, माणूस जाणकार होता. उजव्या पडद्यावर त्यांनी बोटाने हलकेच टिचकी मारली, कडेचा वास घेतला आणि चिंचोक्याची खळ का, असं विचारलं. काम उत्तम झालं आहे म्हणाले. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या त्या गटात असा एक जरी असता तरी मी तिथे टिकलो असतो. मग त्यांनी डाव्या पेटीचं कापड बाजूला केलं आणि त्यांचा चेहरा उतरला. असे पडदे आता मोजकेच उरले आहेत, ते म्हणाले. हे गंध कागदाला खातं आहे. ते जितकं राहील तितकं या पडद्याचं आयुष्य कमी. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. त्यांनी पिशवीतून बांबूची कामटी आणि मऊ ब्रश काढला, अगदी मी वापरतो तसाच, आणि पेटीसमोर गुडघे टेकले.

मी मध्ये हात घातला. नको सार, म्हटलं.

त्यांना नवल वाटलं. दुसरा तुम्हीच साफ केलात ना, असं त्यांनी विचारलं. केला, मी म्हटलं, त्याची कॉइल घासत होती. याची घासत नाही. याला काही झालेलं नाही. रघूचा आवाज चढला. अंकल, तुम्हाला मी बोलावलं आहे, म्हणाला.

"बोलावलास, म्हणून घरघर काढून दिली," मी म्हटलं. "पण ऐकणारी तुझी आई. तिला विचारल्याशिवाय ह्या पडद्याला कोणी हात लावणार नाही. मीहि नाही आणि हेहि नाहीत."

अम्माला सांगितलं आहे, तो परत तेच म्हणाला. मी हात काढला नाही. गृहस्थ कामटी धरून तसेच थांबले. दुसऱ्याच्या घरातलं भांडण ऐकावं लागलं की सज्जन माणूस जसा भिंतीकडे बघतो तसे ते बघत होते.

अक्का हॉलमध्ये नव्हत्या. देवघरातून सहाणेवर खोड घासल्याचा आवाज येत होता. चंदन उगाळणं हे घाईचं काम नाही, आणि उगाळणाऱ्या बाईला कोणी हाक मारून उठवत नाही. आम्ही तिघेही वाट बघत राहिलो. काही वेळाने त्या एका हातात चंदनाची वाटी आणि दुसऱ्यात कुंकवाचा करंडा घेऊन बाहेर आल्या. घरी आलेल्या पाहुण्याला गंध देण्याची आमच्याकडे रीत आहे. गृहस्थांना ती ठाऊक होती. त्यांनी कामटी खाली ठेवली आणि अदबीने हात पुढे केला.

अक्का त्यांच्यावरून पुढे गेल्या. उजव्या पेटीसमोर, मी साफ केलेल्या पडद्यासमोर, वाकल्या आणि अनामिकेने भरपूर ओलं चंदन त्याच्या मध्यावर लावलं. वर कुंकू.

गृहस्थांच्या तोंडून नकळत "अय्यो" निघून गेलं. ओलं गंध कागदात झिरपताना दिसत होतं. ते वाईट वाटून म्हणाले की अम्मा, आता ही जोडी कोणी घेणार नाही.

"नक्को," अक्का म्हणाल्या. मग रघूकडे वळल्या. "ह्या पेट्या जेथें येतील तेथें मी येईन. ह्या राहतील तेथें मी राहीन. तुझ्या घरांत काय मावतें तें तूं ठरव."

रघू तोंड उघडून उभा होता. त्याने माझ्याकडे असं बघितलं की हे सगळं तुमच्यामुळे. मी नजर खाली केली नाही. गृहस्थांनी ब्रश आणि कामटी पिशवीत परत ठेवली, पिशवीचा पट्टा लावला, पण निघाले नाहीत. अक्कांनी तबकडी लावली होती आणि ती चालू असताना उठून जाणारा तो माणूस नव्हता.

वीणा सुरू झाली. अक्का खुर्चीत बसून ऐकत होत्या. दोन-तीन वळणं झाल्यावर त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. त्या काय विचारत होत्या ते मला कळलं, कारण मलाही तेच ऐकू येत होतं. डाव्या बाजूने खर्ज भरून येत होता आणि उजव्या बाजूने अजून पातळ होता. गृहस्थ माझ्याकडे बघत होते, रघूही बघत होता. पडद्याला बोट लावू नका म्हणून उभ्या गावाला दटावत आलेला हा म्हातारा आता तरी काही बोलेल, अशी त्यांची अपेक्षा असणार. मी उठलो, उजव्या पेटीसमोर जाऊन बसलो आणि टोपीवरच्या ओल्या गंधाकडे नीट बघितलं.

"अक्का, आणिक थोडें लावा," मी म्हटलं. "डाव्याइतकें अजून जाहलें नाही."